सातव्या नळीतला खडा

१

सातवी नळी जाग्यावर नव्हती.

सहावी होती, आठवी होती, आणि मधे दात पडल्यासारखी मोकळी जागा. शीतखोलीचा राखणदार त्या जागेकडे टक लावून उभा होता, जणू आणखी थोडा वेळ बघत राहिलं तर नळीलाच लाज वाटेल आणि ती परत येईल. सगळी संस्था त्याला थंडोबा म्हणायची. बावीस वर्षं थंडीत काढलेला माणूस, पण आज त्याला दरदरून घाम फुटला होता.

नळी म्हणजे तळ्याच्या तळातला गाळ. तराफ्यावर उभं राहून लोखंडी पाइप खाली खुपसायचा, वर ओढायचा आणि आत भरून आलेला गाळ प्लास्टिकच्या नळीत घालून थंडाव्यात ठेवायचा. वरचा गाळ नवा, खालचा जुना. एका वितीत पाच-पाचशे वर्षं. मोठ्या तळ्याच्या अशा वीस नळ्या इथे होत्या, एकाच जागी एकाखाली एक काढलेल्या, पहिली सगळ्यात वरची, आणि त्यातल्या सातवीत लिहिलेलं होतं की हत्तीच्या दीडपट उंचीची, पाला खाऊन जगणारी ती थोरली जनावरं कशी संपली.

प्रत्येक नळी काकडीसारखी उभी चिरलेली. एक फाक कामाची, ती खरवडून खरवडून केव्हाच रिकामी झाली. दुसरी ठेवणीतली, तीस वर्षांत कुणी बोट न लावलेली. तीच गेली होती. आणि तीच आज दुपारी चार वाजता दहा माणसांसमोर उघडायची होती.

संस्थेच्या प्रमुख मोठ्या बाई आल्या, त्यांनी मोकळी जागा बघितली. आवाज चढवला नाही. त्या कधीच चढवत नसत, म्हणून तर लोक घाबरत.

"चारपर्यंत नळी इथे दिसली नाही तर मी तक्रार लिहून देणार, तुमच्या नावानं. किल्ली तुमच्याकडे असते."

"बाई, दुसरी तुमच्याकडे असते," असं थंडोबाच्या ओठांवर आलं होतं, पण तिथेच थिजलं. नोकरीची दोन वर्षं राहिली होती. त्यानं बाहेर येऊन फोन लावला.

"दाजी, या. आत्ताच्या आत्ता."

"का रे? ताईशी भांडलास का?"

"ताई तुमच्या घरात आहे, दाजी. मी इथून कसा भांडू? नळी गेली."

"कुठली?"

"सातवी."

पलीकडून चपला सरकवल्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला.

२

दाजी म्हणजे गाळकाका. चाळीस वर्षं तळ्यातळ्यांतून गाळ उपसला, सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाला. शाळा चौथीपर्यंत. पण डोळे मिटून चिमूटभर गाळ बोटांत चोळला की तळं कुठलं, खोली किती, ते सांगायचा. त्याची गाळ काढायची लोखंडी कांडी संस्थेच्या दारातल्या दालनात, थोरल्याच्या सांगाड्याशेजारी काचेत लावली होती. खाली पाटी. पाटीवरचं वाक्य त्याला तोंडपाठ होतं आणि भेटेल त्याला तो ते ऐकवायचा: अकराशे नळ्या, एकही उलटी नाही.

"एकही नाही," आत येता येता तो आजही म्हणाला, कुणी विचारलं नसताना.

"दाजी, माझी पाचावर धारण बसलीय आणि तुम्ही..."

"गप. शेवटची कधी बघितलीस?"

"सोमवारी सकाळी. मोजून ठेवल्या."

"मग आत कोण कोण आलं?"

"तिघं. सोमवारी दुपारी मोजणीवाली, बाटल्या परत ठेवायला. काल बाई आणि ते यंत्रवाले पाहुणे. बास."

"आणि तू आत उभा होतास."

थंडोबानं टोपी कानांवर ओढली. "नियम तसाच आहे."

"मी नियम नाही विचारला, शहाण्या."

"कानात थंडी शिरते हो दाजी! बावीस वर्षं झाली. ओळखीचं माणूस असलं की मी बाहेर बसतो. मोजणीवाली अर्धा तास एकटी होती. आणि काल आत पाऊल टाकताच बाईंना फोन आला, त्या बाहेर आल्या, तर पाहुणे दहा मिनिटं एकटे. बाई तर काय, कधीही येऊ शकतात." त्यानं आवाज खाली आणला. "ताईला सांगू नका."

गाळकाका रॅकपुढे वाकला. वरच्या कप्प्यांत मोठ्या तळ्याच्या अर्ध्या फाका, एकेक करून नीट निजवलेल्या. खालच्या कप्प्यांत दुसऱ्या कुठल्यातरी तळ्याच्या नळ्या, काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, जाडजूड, गोल.

"ह्या कुठल्या?"

"डोंगरातल्या तळ्याच्या. गेल्या वर्षी मशीननं काढल्या. अजून चिरल्या नाहीत."

"हं. आणखी काय गेलंय?"

"काही नाही." मग थंडोबा थबकला. "म्हणजे... कचराच. सातवीची रिकामी फाक वर माळ्यावर पडलेली असायची. नुसतं टरफल. तेही दिसत नाही."

गाळकाका ताठ झाला. कंबर कटकन वाजली.

"गाळ नेला ते समजलं," तो म्हणाला. "पण चोरानं टरफल कशाला नेलं?"

३

मोजणीवालीची खोली जिन्याखाली. एक खिडकी, एक टेबल, एक दुर्बीण, सूक्ष्म बघायची. सत्तावीस वर्षं ती त्या दुर्बिणीत डोळा घालून बसली होती. बोलतानाही तिच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत राहायचा, कुणाला ठाऊक काय मोजत.

"काका! बसा. चहा सांगू?"

"सांग. साखर जास्त. तुझी काकू इथे नाही."

ती हसली, पण डोळे हसले नाहीत. गाळकाका स्टुलावर टेकला. टेबलावर पुस्तकं, बाटल्या, आणि भिंतीला टेकवलेला एक मोठा चौकटीतला फोटो: चिरलेल्या सातव्या नळीचा, थर न् थर दिसणारा. एरवी तो बाईंच्या खोलीत असायचा. चौकटीच्या कडेवर रंगानं 'वर' असं लिहिलेलं होतं, आणि तो शब्द खाली टेबलाला टेकला होता.

"फोटो उलटा ठेवलास गं."

तिनं झटकन उठून तो सरळ केला. "काच पुसायला आणला होता. पाहुणे येणार म्हणून."

"बरं. मला एक सांग, मी अडाणी माणूस. त्या नळीत एवढं काय आहे? मी गाळ काढला, बाईंनी पुस्तक काढलं, एवढंच मला ठाऊक."

"शेण," ती म्हणाली.

"काय?"

"शेणच म्हणायचं, काका. थोरला दिवसाला टेम्पोभर पाला खायचा. तेवढंच मागे टाकायचा. त्या शेणावर एक बुरशी येते, ती दुसरीकडे कुठे येत नाही. तिची बीजं वाऱ्यानं तळ्यात पडतात, गाळात बसतात. मी ती मोजते. बीजं जास्त तर जनावरं जास्त. बीजं नाहीत तर..." अंगठा पेरावर थांबला. "तसाच कोळसाही मोजते. वणवा लागला की कोळसा पडतो."

"आणि सातवीत?"

"आठवीत बीजं भरपूर. सातवीच्या तळाशी बीजं जवळजवळ नाहीत, नुसता कोळसा. मग वर येत जावं तसा कोळसा संपतो आणि बीजं परत येतात, पहिल्याइतकी. सहावीत पुन्हा शून्य, कायमची." ती हे पाठ म्हटल्यासारखं बोलली. "म्हणजे आधी वणवे, जनावरं गेली, मग परत आली, आणि मग एका फटक्यात संपली. बाईंचा परतीचा काळ. तो पहिल्यांदा मला दिसला होता, काका. मी नवी होते. खुर्चीवरून उठून ओरडले होते."

"आठवतंय. मी समजलो पाल दिसली."

त्यानं चहा संपवला. दारातून बाहेर पडताना मागे वळून बघितलं तर ती दुर्बिणीपुढे बसली होती, पण दुर्बिणीचा दिवा बंद होता.

४

यंत्रवाले पाहुणे चाळिशीचे, उंच, सर्दी झालेले. त्यांनी आधी नाक पुसलं.

"काका, मी ती नळी चोरीन? तिच्यासाठी तर आलोय. माझं यंत्र बोटभर गाळाचं वय सांगतं. तुमच्या बाईंचा परतीचा काळ किती वर्षं टिकला, ते आज रात्रीपर्यंत कळलं असतं."

"आणि बाई चुकल्या निघाल्या तर तुमचं नाव झालं असतं."

"चुकल्या तरी झालं असतं, बरोबर निघाल्या तरी झालं असतं. नळीच नाही म्हटल्यावर कशाचं नाव?"

"दहा मिनिटं एकटे होतात आत."

"होतो. चष्म्यावर धुकं धरलं होतं. स्वतःची बोटं दिसत नव्हती मला. दार समजून कपाट उघडलं." ते शिंकले. "शुक्रवारी परतीचं तिकीट आहे. नळी मिळाली तर बरं, नाही तर वर्षभर पुन्हा येणं नाही."

मोठ्या बाईंच्या खोलीत फोटोच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन होता. शेजारी रस्तेखात्यानं पाठवलेलं भित्तिपत्र: जंगलात चरणारा एक जिवंत गजराज आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'ती कमी झाली होती, परत आली होती.' त्या खात्याला राखीव जंगलातून रस्ता काढायचा होता. उरलेली अडीचशे मोठी जनावरं आणखी घटतील असं कुणी म्हटलं की ते बाईंचं पुस्तक पुढे करायचे.

"मला विचारा," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना विचारलंत. मला का सोडता?"

"बाई, नळी उघडायची भीती कुणाला?"

"मला." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "त्या नळीवर माझी तीस वर्षं उभी आहेत. पण माझ्याकडे किल्लीही तीस वर्षं होती, गाळकाका. घाबरून चोरायची असती तर पाहुण्यांना बोलावलं नसतं. बोलावणं मीच पाठवलं."

"मग थंडोबाला का लटकवता?"

"कारण दुसरं नाव सापडत नाही. तुम्ही द्या, मी त्यांचं खोडते."

घड्याळात सव्वाबारा झाले होते.

दालनात येऊन तो थोरल्याच्या सांगाड्याखाली उभा राहिला. खांबासारखे पाय. एवढं जनावर चालायचं तेव्हा झुडपं तुडवून वाटा पडत असतील, आंब्याएवढ्या कोयी गिळून कोसभर पुढे पेरत असेल. बारक्या जनावरांना अख्खं रान मोकळं करून देत असेल. ते गेलं तर मागे काय राहिलं असेल? नुसता वाढलेला पाला. न खाल्लेला. वाळलेला.

वाळलेला पाला पेटतो.

तो विचार त्यानं तिथेच सोडला, कारण दुसराच एक डोक्यात शिरला होता. फाटकावरचा पहारेकरी हातभर लांब सामान तपासल्याशिवाय सोडत नाही. शिवाय उन्हात दोन तास ठेवला की गाळ तडकतो, मातीमोल होतो. नासवायचीच असती तर चोराला न्यायची गरज नव्हती, त्यानं फाक बाहेर काढून ठेवली असती की झालं. नळी लपवणाऱ्याला नळी हवी होती. जिवंत, गार.

मग ती गारच जागी असणार.

५

"उचल," गाळकाका म्हणाला.

"काय उचलू?"

"खालच्या कप्प्यातल्या नळ्या. एकेक. डोंगरातल्या."

"दाजी, त्या गोल आहेत. आपली अर्धी फाक आहे. ह्यांत ती कशी लपेल?"

"अर्धी फाक आणि रिकामं टरफल एकमेकांवर ठेवलं की काय होतं?"

थंडोबानं दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवून बघितले. मग तोंड उघडलं आणि ते बंद करायचं विसरला.

"तुझ्या ताईला मी नेहमी सांगतो, तुझा भाऊ हुशार आहे, फक्त उशिरा," गाळकाका म्हणाला आणि स्वतःच वाकला. पहिली उचलली. भरल्या नळीचं वजन त्याच्या हातांना चाळीस वर्षं ठाऊक होतं. ठेवली. दुसरी, तिसरी, चौथी. श्वासाची वाफ निघत होती. अकरावी उचलली आणि हात अंदाजापेक्षा जास्तच वर गेले, भरलेली समजून रिकामी बादली उचलावी तसे.

त्यानं ती टेबलावर ठेवली. काळं प्लास्टिक सोडलं. आत दोन फाका तोंडाला तोंड लावून, सुतळीनं बांधलेल्या.

"सापडली!" थंडोबा त्याच्या गळ्यातच पडला. "दाजी, वाचवलंत! चला, बाईंना..."

"थांब."

गाळकाका सुतळीकडे बघत होता. दोन वेढे, एक आडवा, टोक आत दाबलेलं. तराफ्यावर ओल्या हातांनी बांधायची गाठ, त्याची स्वतःची. पुस्तकात सापडत नाही. मशीनवाले तर चिकटपट्टी लावतात. ही गाठ त्यानं या संस्थेत एकाच माणसाला शिकवली होती. एकदा तराफा उलटला तेव्हा त्यानं केसाला धरून पाण्यातून वर काढलेल्या एका नव्या मुलीला, तिची भीती जावी म्हणून.

"कुणी केलं, दाजी?"

"कुणी केलं ते कळलं," तो हळूच म्हणाला. "का केलं ते कळत नाही. तू इथेच बस. आत बस. कान झाक आणि नियम पाळ."

६

मोजणीवालीनं त्याच्या हातातली सुतळी बघितली आणि खुर्ची मागे सरकवली.

"सकाळपासून तीनदा जिन्यापर्यंत गेले, काका," ती म्हणाली. "थंडोबांचं नाव येईल हे मला सुचलंच नाही. पाहुणे शुक्रवारी जाणार होते. शनिवारी मी नळी जाग्यावर ठेवणार होते."

"बाईंसाठी केलंस? त्यांचं पुस्तक खोटं पडू नये म्हणून?"

ती गप्प.

"बोल की. सत्तावीस वर्षांत तू एक बुरशीचं बी इकडचं तिकडे केलं नाहीस, आणि एकदम अख्खी नळी?"

 तिची नजर एकदा फोटोकडे गेली आणि परत आली. गाळकाकाला सकाळ आठवली. उलटा फोटो. काच पुसताना एकदा उलटा ठेवला जातो, हे खरं. पण ठेवणारी ही मोजणीवाली. हिच्या टेबलावर पेन्सिलसुद्धा वाकडी नसते.

त्यानं फोटो ओढून पुढे घेतला. 'वर' वर होतं. वरच्या टोकाकडे, थरांच्या मधे, अक्रोडाएवढा एक खडा. तो ओळखीचा होता. वाहून आलेल्या एखाद्या झाडाच्या मुळांतून सुटून तळ्यात पडलेला असणार. खड्याच्या खालचे थर सपाट, निवांत. खड्याच्या डोक्यावरचे थर मात्र दबलेले, चिरडलेले, दोन ठिकाणी फाटलेले. बाईंनी पुस्तकात लिहिलं होतं, गाळातल्या वायूनं खडा वर रेटला. शिकलेल्या माणसांनी मान डोलावली होती.

गाळकाकानं चाळीस वर्षं तळ्यात दगड पडताना बघितले होते. दगड खाली पडतो. पडला की खालचा चिखल दबतो. वरचा नाही.

त्यानं फोटो उलटा केला.

खडा जाग्यावर बसला. गादीत बसावा तसा.

 त्याला तराफा आठवला, वारा आठवला, आणि पाइपच्या तोंडात अडकलेली ती सातवी नळी आठवली. एरवी गाळ पाइपच्या तोंडाकडून बाहेर ढकलायचा. म्हणजे खालचं टोक आधी बाहेर येतं. जे आधी येईल त्याला काळं बूच, मागून येईल त्याला लाल, आणि लालकडे, म्हणजे वरच्या टोकाकडे, बाण. हात ते आपोआप करायचे, अकराशे वेळा केलेलं काम. त्या दिवशी तोंडाशी खडा अडकला. गाळ हलेना. मग त्यानं तोंडाकडून दट्ट्या घातला आणि नळी मागच्या बाजूनं काढली. वरचं टोक आधी बाहेर आलं.

आणि हातांनी त्याला काळं बूच लावलं.

"बाण माझ्या हातचा आहे," तो म्हणाला.

"हो. पाहुण्यांसाठी काच पुसायला घेतली, फोटो उलटा ठेवला गेला, तेव्हा दिसलं."

"म्हणून लपवलीस. वरचा गाळ जुना, खालचा नवा, हे त्यांच्या यंत्रानं रात्रीपर्यंत ओळखलं असतं."

"तुमची पाटी आहे दालनात, काका." तिचा अंगठा पेरांवर वेड्यासारखा धावत होता. "तुम्ही येता तेव्हा दर वेळी ती वाचता. मला वाटलं, आणखी थोडी वर्षं... कुणाचं काय बिघडतं? ती जनावरं तर मेलीच आहेत."

गाळकाका उठला. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

"किती वाजले?"

"सव्वातीन."

"आठवी, सातवी आणि सहावी, ह्या नळ्यांचे तुझे आकडे काढ. कागदावर लिही. आणि सातवीचे उलटे लिही."

"काका, तुम्ही काही बोलू नका. नळी सापडली, एवढंच सांगा. मी कबूल होते, मी चोरली म्हणून."

"पोरी, तो मेव्हणा तिकडे कान झाकून बसलाय. तुला पुढे करून त्याला सोडवू? आणि घरी जाऊन तुझ्या काकूला काय सांगू, पाटी शाबूत राहिली म्हणून?" तो दारात थांबला. "आणि मेलीत त्यांचं ठीक आहे. जंगलात अडीचशे अजून उभी आहेत."

७

चार वाजता दहा माणसं बसली. नळी टेबलावर. थंडोबा दारात, टोपी हातात. बाईंनी तक्रारीचा कागद उलटा घालून ठेवला होता.

"नळी सापडली," बाई म्हणाल्या. "कुणी नेली होती, गाळकाका?"

"खोलीतून बाहेर गेलीच नव्हती, बाई. कप्पा चुकला होता. ते मी तुम्हाला नंतर सांगतो, दार लावून. आधी मोठी चूक सांगू द्या. ती माझी आहे."

आणि त्यानं सांगितलं. तराफा, खडा, दट्ट्या, काळं बूच. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. यंत्रवाल्या पाहुण्यांनी दोनदा नाक पुसायला रुमाल काढला आणि न पुसताच ठेवून दिला. मग त्यानं फोटो बाईंसमोर धरला, आधी सरळ, मग उलटा.

बाई बघत राहिल्या. 

"वायू," शेवटी त्या म्हणाल्या. "मी वायू म्हटलं होतं. हे चित्र तीस वर्षं माझ्या डोक्यावर लटकत होतं आणि मी त्या खड्याला वर चढवला." त्यांनी हात पुढे केला. "फोटो द्या इकडे."

त्या उठल्या, आपल्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं, सगळ्यांना दिसत होतं. त्यांनी फोटो त्या फिकट चौकोनावर टांगला, 'वर' खाली करून. शेजारचं भित्तिपत्र सावकाश काढलं, गुंडाळी केली आणि परत येऊन खुर्चीत बसल्या.

"वाचा," त्यांनी मोजणीवालीला सांगितलं. "जुन्यापासून नव्याकडे."

ती उभी राहिली. तिच्या हातात कागद होता, पण तिला तो लागला नाही.

"आठवी. बीजं तीनशे दहा, तीनशे चार, दोनशे नव्वद. कोळसा नाही. सातवी, खालून. दोनशे पंच्याण्णव. दोनशे ऐंशी. तीनशे. एकशे वीस. चाळीस. नऊ. कोळसा अजून नाही." ती थांबली. "जनावरं आधी गेली. मग पाला साठला असणार. मग कोळसा. बारा, सत्तर, दोनशे. बीजं दोन. बीजं एक. सहावी. शून्य. शून्य. शून्य."

"पुढे?" कुणीतरी विचारलं.

"पुढे आजपर्यंत शून्यच आहे."

यंत्रवाले पाहुणे म्हणाले, यंत्र लावून खात्री करायलाच हवी. बाई म्हणाल्या, जरूर, आत्ताच. मग त्यांनी समोरचा कागद उचलला, चार तुकडे केले आणि थंडोबाला म्हणाल्या, "उद्यापासून आत उभं राहायचं. कानटोपी संस्था देईल."

बाहेर दालनात गाळकाका आपल्या काचेपुढे उभा होता. खिशातल्या किल्लीनं तो पाटीचा स्क्रू सोडवायची खटपट करत होता. थंडोबा मागून आला, थोरल्याच्या पायाशी टेकला.

"राहू द्या ना, दाजी. अकराशेत एक."

"अकराशेत एक, तर एक लिहायला हवा. ही काढतो, दुसरी करून घेतो." स्क्रू हलेना. "तुझ्याकडे काही चपटं आहे का?"

थंडोबानं शीतखोलीची किल्ली पुढे केली. मग मान मागे टाकून त्या सांगाड्याच्या रिकाम्या छातीकडे बघत राहिला.

"म्हणजे ती परत आलीच नव्हती?"

"नाही रे," गाळकाका म्हणाला. "त्यांना मी आणलं होतं. एका काळ्या बुचानं."